रांगते बाळ आणि पोटातली नळी

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सुरक्षा-सूचना प्रसृत केली. नळीवाटे अन्न घेणाऱ्या, दोन वर्षांखालील दोन बालकांच्या गळ्याभोवती अन्नपंपाची नळी गुंडाळली जाऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आदल्या वर्षी प्रशासनाकडे आल्या होत्या. सूचनेत सांगितलेला धोका नळी फुटण्याचा वा पंप बंद पडण्याचा नव्हता. जे मूल कुशीवर वळते, उपडे होते, रांगते आणि धरून उभे राहते, त्याच्या अंथरुणात हातभर लांबीची मोकळी नळी असणे, एवढाच तो धोका होता.

नळीने अन्न देण्याची विद्या चारशे वर्षांहून जुनी आहे. तरीही नळी लावलेला माणूस हालचाल करतो, ही गोष्ट तिच्या कर्त्यांनी फार उशिरा विचारात घेतली. याचे कारण या विद्येच्या जन्मातच आहे. ती निजलेल्या रुग्णांसाठी जन्मली होती.

इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६१७ मध्ये धनुर्वाताने दातखीळ बसलेल्या रुग्णांना नाकातून चांदीची नळी घालून अन्न दिल्याची नोंद आहे. लंडनच्या जॉन हंटर याने १७९० मध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णासाठी व्हेलच्या तोंडातील लवचीक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवून नळी तयार केली आणि ती जठरापर्यंत पोचवली. तो रुग्ण पुढे बराही झाला. दोन्ही ठिकाणी रुग्ण निपचित आहे आणि नळी थोड्या दिवसांची सोबतीण आहे. उठून चालू लागलेल्या माणसाला नळीची गरज उरत नाही, हे गृहीतच होते.

या गृहीताला छेद देणारा पहिला माणूस वैद्यकाला अपघाताने मिळाला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीचा बार जवळून घुसला. सैन्यातील डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने उपचार केले, तरुण जगला. पण जखम भरताना जठराची कड पोटाच्या भिंतीला चिकटून बरी झाली आणि बाहेरून थेट जठरात उघडणारे भोक कायमचे राहिले. ब्यूमाँटने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, पाचकरस काढून तपासले आणि १८३३ मध्ये पचनक्रियेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही कथा पाचकरसासाठी माहीत असते. त्या ग्रंथातील दुसऱ्या एका निरीक्षणाकडे मात्र सहसा कोणी थांबत नाही.

आरंभी सेंट मार्टिनने खाल्लेले अन्न भोकातून बाहेर येई आणि पट्टी बांधून ते अडवावे लागे. काही काळाने जठराच्या आतील अस्तराची एक घडी त्या भोकावर उतरली आणि झडपेसारखी बसली. आतल्या दाबाने ती मिटे, बाहेरून बोटाने लोटली की उघडे. पट्टीची गरज संपली. हा माणूस पुढे ब्यूमाँटला सोडून निघून गेला, कष्टाची कामे केली, संसार केला, पुन्हा प्रयोगांसाठी आला, पुन्हा गेला आणि १८८० मध्ये, म्हणजे जखमेनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, मरण पावला. पोटाला भोक असूनही तो हिंडता-फिरता राहिला. त्याच्या शरीराने जी युक्ती आपोआप साधली, ती शल्यविशारदांच्या हातून घडायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.

भोक मुद्दाम पाडावे ही कल्पना १८३७ मध्ये नॉर्वेतील सैन्यवैद्य एगेबर्ग याने मांडली. स्ट्रासबुर्गच्या शार्ल सेदियो याने १८४९ मध्ये ती प्रथम माणसावर अमलात आणली आणि या शस्त्रक्रियेला नावही दिले : गॅस्ट्रोस्टोमी. त्याचा रुग्ण वाचला नाही. १८५३ मधला दुसराही नाही. भूल देण्याची कला तेव्हा हाती आली होती, पण जंतुनाशनाची अजून यायची होती. जठरातले द्रव्य उदरपोकळीत झिरपले की दाह होई आणि रुग्ण दगावे. लंडनमध्ये सिडनी जोन्सचा रुग्ण १८७५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर चाळीस दिवस जगला, तेव्हा ते यश मानले गेले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हेर्नय याने दाहक क्षार गिळून अन्ननलिका बंद झालेल्या सतरा वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली.

रुग्ण जगू लागले तेव्हा गळतीचा प्रश्न पुढे आला. जठरातील आम्ल नळीच्या कडेने बाहेर येते आणि कातडी सोलवटते. जर्मनीच्या वित्सेलने १८९१ मध्ये नळी जठराच्या भिंतीतून तिरक्या बोगद्याने नेली. अमेरिकेतील ओहायोच्या मार्टिन स्टॅमने १८९४ मध्ये नळीभोवती जठराला बटव्याच्या नाडीसारखे टाके घालून ते आत दुमडले. स्टॅमची पद्धत इतकी साधी व भरवशाची ठरली की उघड्या शस्त्रक्रियेत ती आजही वापरली जाते. परंतु या साऱ्या खटाटोपाचे लक्ष पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर होते. बाहेर लोंबणाऱ्या नळीचे काय, हा प्रश्न रुग्णाच्या माथी राहिला.

त्या रुग्णांपैकी एक जण वैद्यकीय वाङ्मयात ‘टॉम’ या नावाने अमर झाला. १८९५ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याने उकळते सूप गिळले. अन्ननलिका भाजून बंद झाली आणि पोटाला भोक पाडावे लागले. पुढे जवळजवळ अर्धशतक तो अन्न तोंडात घेऊन चावी, मग ते नरसाळ्यातून पोटात सोडी. नुसते पोटात ओतलेले अन्न त्याची भूक भागवीत नसे. जिभेला चव लागावी लागे. न्यूयॉर्कचे संशोधक वुल्फ आणि वोल्फ यांनी त्याच्यावरील निरीक्षणांचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रकाशित केला. राग आणि भीती यांनी जठराचे अस्तर कसे लाल वा फिके पडते, हे त्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन. नऊ वर्षांच्या मुलाने नरसाळे घेऊन बालपण कसे काढले, हा शास्त्राचा विषय तेव्हा झाला नाही.

तान्ह्या बाळांची कथा वेगळ्या वाटेने आली. पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निये याने १८८० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबवणी-पेटी वापरात आणली आणि चोखण्याची शक्ती नसलेल्या बाळांना रबरी नळी व लहानसे नरसाळे यांनी दूध देण्याचा परिपाठ घातला. नळी प्रत्येक वेळी घालायची, दूध सोडायचे, काढायची. ती आत राहतच नसल्याने बाळाने ती ओढण्याचा प्रश्न नव्हता. आणि ती बाळे इतकी अशक्त होती की ओढणार तरी कशी?

खरा बदल १९३९ मध्ये घडला. अन्ननलिका अर्धवट तुटलेली घेऊन जन्मणारी बाळे तोवर काही दिवसांतच मरत. त्या वर्षी अमेरिकेत मिनियापोलिसचे लोगन लेव्हन आणि बोस्टनचे विल्यम लॅड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियांनी अशी बाळे वाचवली. त्या टप्प्यांतला एक म्हणजे जठरात नळी. १९४१ मध्ये कॅमेरॉन हेट याने अन्ननलिकेची दोन टोके थेट जोडून दाखवली. पण ज्यांची टोके जुळण्याइतकी जवळ नसत, त्यांना नवी अन्ननलिका मिळेपर्यंत महिनोन्महिने, कधी वर्षेही, पोटाच्या नळीवर वाढावे लागे. नळी लावलेले मूल आता पालथे पडू लागले, बसू लागले, रांगू लागले. हालचाल ही या रुग्णाची विकृती नव्हती; ते त्याच्या वाढीचे लक्षण होते. तिला आवर घालणे म्हणजे उपचाराचा हेतूच मोडणे.

रांगताना नळीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. नळी आत एका टोपीने वा फुग्याने अडकलेली असते आणि बाहेर वीतभर लोंबते. मूल उपडे होते तेव्हा तिचा बाहेरचा भाग पोट आणि जमीन यांच्यात दबतो. गुडघा पुढे टाकला की तो नळीवर पडतो आणि पुढचे पाऊल तिला हिसका देते. आठ-दहा महिन्यांच्या बाळाच्या चिमटीत आता बळ आलेले असते आणि कुतूहलही. जे लोंबते ते ओढायचे, हा त्या वयाचा धर्मच. प्रत्येक हिसक्याने भोकाची कड घासली जाते, तेथे लालसर, ओलसर, रक्त येणारे मांस वाढते, भोक रुंदावते आणि गळती सुरू होते. गळती थांबावी म्हणून नळी घट्ट आवळली तर आतली टोपी जठराच्या भिंतीत रुतते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत, जठर पोटाच्या भिंतीला पक्के चिकटण्यापूर्वी, नळी निघाली तर ते प्राणावर बेतू शकते. नंतर निघाली तर प्राणावरचे संकट टळते, परंतु भोक काही तासांतच आकसू लागते.

या प्रश्नाकडे पुरते वळलेला शल्यविशारद म्हणजे क्लीव्हलँडच्या बालरुग्णालयातील मायकेल गॉडरर. दुर्बिणीने जठर तपासताना अंधाऱ्या खोलीत बाळाच्या पातळ पोटातून दुर्बिणीचा दिवा बाहेर उजळलेला दिसतो. जठर आणि पोटाची भिंत एकमेकांना कोठे भिडली आहेत, हे तो उजेडाचा ठिपकाच सांगतो. मग पोट उघडायचे कशाला? जेफ्री पॉन्स्की दुर्बीण धरीत. गॉडरर त्या ठिपक्यावर बाहेरून सुई टोचीत. सुईतून आत सोडलेला दोरा दुर्बिणीच्या फासात पकडून तोंडावाटे बाहेर काढायचा, त्याला नळी बांधायची आणि दोरा पोटाकडून ओढून नळी तोंडातून जठरात, जठरातून बाहेर आणायची. १२ जून १९७९ रोजी साडेचार महिन्यांच्या बाळावर हा प्रयोग प्रथम झाला. नळीही याच कामासाठी घडवलेली नव्हती. टोकाला अळंब्यासारखी टोपी असलेली सोळा फ्रेंच मापाची रबरी नळी त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेतली. (फ्रेंच हे माप तीनाने भागले की मिलिमीटरमधला व्यास मिळतो, म्हणजे ही नळी साडेपाच मिलिमीटरहून थोडी कमी जाडीची.) १९८० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरले, ते मुख्यतः पक्षाघात झालेल्या वृद्धांसाठी. बाळासाठी शोधलेली युक्ती आजोबांच्या कामी आली, आणि आजही अनेक विद्यार्थी तिला प्रौढांचाच उपचार समजतात.

गॉडररचे बालरुग्ण मात्र वाढत होते आणि नळी ओढत होते. १९८४ मध्ये त्याने जॉर्ज पिचा व रॉबर्ट आयझंट यांच्यासह दुसरा शोध प्रसिद्ध केला. त्याचा बोलबाला पहिल्याच्या मानाने कमी झाला. रांगत्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर तोच मोठा म्हणावा लागेल. त्याला नाव पडले ‘बटण’. आत लवचीक टोपी, पोटाच्या भिंतीच्या जाडीएवढाच दांडा, बाहेर कातडीलगत दोन चपटे पंख आणि एक बूच. लोंबणारे काहीही नाही. अन्न देताना वेगळी जोडनळी लावायची, झाले की काढून ठेवायची. जोडनळी काढल्यावर जठरातले उलट बाहेर येऊ नये म्हणून टोपीत एकदिशा झडप बसवलेली. सेंट मार्टिनच्या जठराने स्वतःसाठी घडवलेली घडीच जणू सिलिकोनमध्ये अवतरली.

बटणाचे दोष वापरातच कळले. झडप काही महिन्यांत थकते. टोपीचे बटण घालता-काढताना ताणावे लागते आणि ते दुखते. म्हणून पुढे टोपीच्या जागी पाण्याने फुगवायचा फुगा असलेली बटणे आली, जी शिकवल्यास घरीही बदलता येतात. फुगाही कायमचा नसतो. शिवाय दांड्याची लांबी अचूक लागते. मूल बाळसे धरते तशी पोटाची भिंत जाड होते, कालचे बटण आज रुतू लागते. म्हणून माप वेळोवेळी पुन्हा घ्यावे लागते. वाढणाऱ्या पायाला दर हंगामी नवी चप्पल लागावी, तसेच हे.

बटणाने वीतभर नळी गेली, पण जोडनळी उरलीच. सिरिंजने पंधरा-वीस मिनिटांत अन्न दिले तर मूल उरलेला वेळ मोकळे असते. ज्या मुलांचे जठर एकदम भरणे सोसत नाही, त्यांना पंपाने थेंबथेंब, रात्रभर द्यावे लागते आणि रात्रभर ती पंपाला बांधलेली असतात. या बांधलेपणावरचा एक तोडगा बालरुग्णालयात नव्हे, प्रयोगशाळेत आधी दिसतो. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली ड्युड्रिक याने कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून पोषण देऊन वाढवली. पिल्ले फिरणार, खेळणार आणि नळीला पीळ पडणार हे ओळखून त्याने अंगावर पट्टा आणि वर गोल फिरणारा सांधा बसवला होता. मुलांच्या वाट्याला पुढे पाठपिशवीत मावणारे, बॅटरीवर चालणारे पंप आले आणि दिवसाचा प्रश्न पुष्कळ सुटला. रात्रीची नळी राहिली. ती अंगरख्याच्या आतून खाली पायाच्या बाजूने बाहेर काढणे, म्हणजे मानेपासून ती जितकी लांब तितके बरे, हा उपाय पालक व परिचारिका करत आल्या आहेत. २०२२ ची सूचनाही याहून फार निराळे सांगत नाही : मूल अडकू शकेल अशा जागी नळी शक्यतो राहू देऊ नका आणि उपचार करणाऱ्यांशी याविषयी आधीच बोला. नळीची तोंडे चुकून शिरेच्या नळीला जुळू नयेत यासाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. गळ्याभोवतीच्या पिळाला अडवणारे साधन मात्र शिंप्याच्या सुईतूनच येते.

भारतातल्या वॉर्डात या इतिहासाचे दुसरेच पान उघडे असते. येथे नाकातून घातलेल्या नळीला सर्वत्र ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल हा लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील वैद्य. त्याने १९२१ मध्ये पुढे आणलेली बारीक नळी अन्न देण्यासाठी नव्हती. जठरातला रस थोड्याथोड्या वेळाने काढून तपासण्यासाठी होती. गाठण्याच्या नळीवर नाव राहिले, काम पालटले. नाकातली नळी रांगत्या बाळाला पोटातल्या नळीहून जड जाते. ती चेहऱ्यावर चिकटपट्टीने धरलेली असते, लाळेने पट्टी सुटते आणि एका झटक्यात नळी हातात येते. पुन्हा घालताना ती श्वासनलिकेत गेली नाही ना, याची खात्री दरवेळी करावी लागते. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत यासाठी भरवशाची नाही. ओढलेल्या द्रवाची आम्लता पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी येणे, हा अधिक सुरक्षित पुरावा मानला जातो.

२०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगातील कोणत्याही देशातील हा सर्वांत मोठा आकडा आहे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा पातळीवर नवजात शिशूंचा विशेष कक्ष उभा राहिला आणि त्या धर्तीवर देशभर कक्ष निघाले. पूर्वी जी बाळे पहिला आठवडा पाहत नसत, त्यांतली अनेक आता उष्टावणाच्या वयाला पोचतात. त्यांतल्या काहींना मेंदूच्या इजेमुळे गिळता येत नाही, आणि मग नळी घरी येते.

घरी येणारी नळी बटणाची असेलच असे नाही. बटण महाग पडते, ते पुन्हापुन्हा बदलावे लागते, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी मूत्रमार्गासाठी बनवलेला फोलीचा कॅथेटर वापरतात. स्वस्त, सर्वत्र मिळणारा, टोकाला फुगा असलेला. त्याची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. त्याने असंख्य मुले जगवली आहेत. परंतु मूत्राशय जे करत नाही ते जठर करते : आकुंचनाच्या लाटांनी समोर येईल ते पुढे ढकलते. कातडीवर अडवणारी चकती नसली, की फुगा त्या लाटेबरोबर लहान आतड्याच्या तोंडाशी जातो आणि वाट बुजवतो. मूल उलट्या करू लागते. बाहेरची नळी आखूड दिसू लागलेली असते, पण रांगत्या मुलाच्या झबल्याखाली ते कोण पाहणार?

अन्नाचेही असेच. आयात केलेले तयार अन्न परवडत नाही तेथे आई पेज, डाळीचे पाणी, दूध वाटून-गाळून सिरिंजमध्ये भरते. नळीचा आतला व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली वाहणारा द्रव सोळाव्या हिश्शावर येतो, हा प्वाझचा नियम भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. बारीक नळीतून दाट पेज का उतरत नाही आणि सिरिंज थोडी उंच धरली की का उतरते, हे त्या आईला वर्गाबाहेर कळलेले असते. जोर करून दट्ट्या दाबण्यापेक्षा प्रत्येक वेळी आधी व नंतर थोडे कोमट पाणी सोडणे नळीला मानवते.

फोलीच्या कॅथेटरवर मुलाला घरी पाठवताना चांगला बालशल्यविशारद वा परिचारिका आणखी एक काम करते. नळी कातडीतून जेथे बाहेर येते, नेमक्या त्याच ठिकाणी तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढते. रेघ दिसेनाशी झाली तर नळी आत सरकली आहे, कातडीपासून दूर गेली तर बाहेर आली आहे. झबले वर करून ती रेघ पाहायची, मग सिरिंज जोडायची आणि मूल तोवर रांगत दाराशी पोचलेले असेल तर आधी त्याला उचलून आणायचे.